जोड

मोंपॉसमध्ये दुपारी दोन वाजता
रस्त्यावर नुसतं ऊन असतं,
आणि आमच्या दुकानात फुंकणीचा आवाज.

येसिद जंतरातून तार ओढतोय,
एका भोकातून त्याहून लहान भोकात,
आणखी बारीक, आणखी,
केसानेही लाजावं इतकी झाली
की दोन तारांना एकच पीळ,
आणि तो पीळ लाटून चपटा.
हे सगळं पणजोबांच्या वेळेपासूनचं.
नवं आहे ते टेबलावर,
उलट्या पेल्याखाली:
एक चतुर.

काल पहाटे दलदलीत सापडला,
जलपर्णीच्या देठाला धरून मेलेला,
जणू कुणी म्हणालं होतं,
हलू नकोस, चित्र काढायचंय.

दोन्या एर्सिलियाला कानातले हवेत,
लेकीच्या लग्नाला.
"पंख हवेत," म्हणाली, "किडा नको."
मी मान डोलावली.
गिऱ्हाइकासमोर मान असते ती त्यासाठीच.

रात्री भिंग लावून पंखातली घरं मोजली.
कुठे चौकोन, कुठे पाच कोन,
कडेला तर
संध्याकाळ व्हायच्या आत उरकल्यासारखं काहीही.
एकशे चाळिसाच्या पुढे चुकले,
पुन्हा पहिल्यापासून.
उजव्या पंखात सात घरं जास्त निघाली.
वाटलं, माझेच डोळे.
वडिलांना उठवलं.
त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ गप्प.
मग म्हणाले,
"साठ वर्षं मी दोन्ही बाजू सारख्या करत बसलो."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात.
इथे सोनाराचेच टोचले,
तेही मेलेल्या चतुराने.

मग सवागीचं पाणी, डाखेचा कीस,
आणि श्वास धरून ठेवायचा.
एक फुंकर जास्त झाली की
पंखाचा थेंब होतो.
तीन पंखांचे झाले.
थेंब वाटीत टाकले, वाया जात नाहीत,
सोनं परत मुशीत येतं.
नदी नाही आली.
एकदा तिने कूस बदलली,
मोठ्या बोटी दुसऱ्या फाट्याने गेल्या,
आणि आम्ही इथेच राहिलो,
बारीक कामं करत.

अकराव्या दिवशी दोन्या एर्सिलिया आली.
तळहातावर घेऊन म्हणाली,
"हे दोन वेगळे आहेत."
"हो."
"चुकलं का काही?"
मी तराजू पुढे ओढला.
एक या पारड्यात, एक त्या.
काटा मधोमध उभा,
गुंजेच्या शंभराव्या भागाचाही फरक नाही.
तिने काट्याकडे पाहिलं, पंखांकडे पाहिलं,
माझ्याकडे तर फारच वेळ पाहिलं.
"फोटोत दिसेल," म्हणाली. "सारखे कर."

केले.
डाव्याचा कागद उलटा ठेवून उजवा बेतला,
घरास घर, कोनास कोन.
छान झाले, खोटं कशाला बोलू.
शनिवारी पैसे मोजून घेऊन गेली.
लग्नात सगळे विचारत होते म्हणे, कुठून केले.

राहिली ती पहिली जोडी.
येसिद म्हणाला, "वितळवू?"
म्हटलं, असू दे.
सोमवारी सोन्याचा भाव ऐकला,
आणि म्हटलं, बरं, एक वितळव.
एक ठेवू नमुना म्हणून.
"कुठला?"
म्हटलं, जो चुकलाय तो.

त्याने पेटवलेली ज्योत बारीक केली.
मी भिंग घेतलं,
मग त्याने घेतलं, मग पुन्हा मी.
वडील आतून येऊन टेकले,
त्यांनीही हात पुढे केला.

बाहेर लोकांनी झुलत्या खुर्च्या
दारापुढे काढल्या होत्या,
वटवाघळं चर्चच्या घंटेखालून सुटली होती.
कुणीतरी हाक मारली, आज बसायला येत नाही का?
आलोच, म्हटलं.
एवढं एक ठरलं की.